वाचकांचे प्रश्न : पडद्यामागच्या कामाचा अनुभव कुठे मिळवावा?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. यंदा वाणिज्य शाखेची पदवी मिळाली. महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या ‘युवारंग’ या युवक महोत्सवासाठी बसवलेल्या दोन एकांकिकांत छोट्या भूमिका केल्या. पुढच्या वर्षी रंगमंचामागे सामान लावण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा आपले मन अभिनयापेक्षा या कामात अधिक रमते, हे मला उमगले. आता नाट्यनिर्मितीतच काम करावे अशी इच्छा आहे. मुंबईच्या सहा निर्मात्यांना ‘कोणतेही काम द्या, मला अनुभव हवा आहे’ अशी पत्रे पाठवली, पण एकाचेही उत्तर आले नाही. घरी केळीची शेती आहे आणि वडील वर्षभर थांबायला तयार आहेत. मी सरळ मुंबई गाठावी का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : आपले पत्र वाचताना माझी नजर एका वाक्यावर थांबली. सामान लावण्याची जबाबदारी आली आणि मन त्यात रमले, असे आपण मला लिहिले; निर्मात्यांना पाठवलेल्या पत्रांत मात्र ते बहुधा नसावे. ‘कोणतेही काम द्या’ असे लिहिणाऱ्याला काम देणे अवघड असते, कारण त्याला काय येते हे शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो. व्यावसायिक नाटकाच्या संचात माणसे मोजकी असतात, नाटकाच्या बसमध्ये जागा मोजकी असते आणि पडद्यामागच्या प्रत्येक माणसाला प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, द्यावी लागते. अशा ठिकाणी न पाहिलेल्या माणसाला केवळ पत्रावरून कोणी बोलावत नाही. संचातल्याच कोणीतरी ‘हा मुलगा वेळेवर येतो, सेट नीट लावतो आणि शेवटची फळी टेम्पोत चढेपर्यंत थांबतो’ असा शब्द दिला, तर मात्र दुसऱ्याच दिवशी फोन येतो. तो शब्द देणारा माणूस आपल्याला आधी मिळवायचा आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तो मुंबईत नव्हे, तर जळगावात किंवा धुळ्यात भेटतो.

म्हणून यंदा मुंबईला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवते. जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. एवढ्या लांब ओळखीवाचून जाऊन, खोलीचे भाडे भरत कामाची वाट पाहणाऱ्या मुलांची शिल्लक तीन-चार महिन्यांत संपते आणि मग मिळेल ती नोकरी धरावी लागते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्यातली काही मुले खरोखर गुणी होती, याचे मला आजही वाईट वाटते.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेचे जळगाव हे एक केंद्र आहे. प्राथमिक फेरी सहसा नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते, त्यामुळे आपल्या भागातील हौशी संस्था गणपतीच्या सुमारास संहिता ठरवतात आणि दसऱ्यापर्यंत तालमींना वेग येतो. आपण संस्थांकडे जायचे ते याच काळात. तालमीच्या खोलीत भूमिका मागणारे पंधरा जण असतात. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू, सांभाळतो असे आपणहून म्हणणारा एखादाच, आणि त्याचे स्वागत होते. या स्पर्धेत अभिनय आणि दिग्दर्शनाप्रमाणे नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांनाही स्वतंत्र पारितोषिके आहेत, त्यामुळे या बाजूंकडे संस्थेचे दुर्लक्ष होत नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य स्पर्धेत उतरणारे संघही पाहावेत. गिरणीत, कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये पाळी करून तालमीला येणारी ती माणसे वेळेची किंमत फार चांगली जाणतात.

काम मागताना एकच निश्चित काम मागा. प्रॉपर्टी घेतली, तर संहिता तीनदा वाचा आणि वही आखा: कोणती वस्तू, कोणत्या प्रवेशात, कोणाच्या हातात, कोणत्या विंगेतून जाणार आणि कोणत्या विंगेतून परत येणार. विंगेतल्या टेबलावर खडूने चौकोन आखून प्रत्येक वस्तूला जागा ठरवून द्या, म्हणजे अंधारातही एखादा चौकोन रिकामा असल्याचे हाताला कळते. मी हे चुकीतून शिकले. माझ्या तिसऱ्याच नाटकात, दुसऱ्या अंकात नायिकेच्या हाती पडायचे पत्र मी रंगपटातल्या पिशवीतच विसरले. नटीने रिकाम्या हाताने प्रसंग निभावून नेला आणि प्रेक्षकांना फारसे जाणवले नाही. पण वळून विंगेकडे पाहताना तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मला दिसली, आणि ती भीती माझ्यामुळे होती. तेव्हापासून यादीतील प्रत्येक वस्तूपुढे मी दोन खुणा करते, एक पहिल्या घंटेपूर्वी आणि एक मध्यंतरात.

पहिल्या नाटकात हे नीट जमले, तर दुसऱ्या नाटकात रंगमंच व्यवस्थापकाचा साहाय्यक म्हणून उभे राहण्याची संधी मागा. त्या कामाचा जीव म्हणजे प्रयोगाची वही. डाव्या पानावर संहिता चिकटवलेली असते; उजव्या पानावर प्रकाशाचा बदल, ध्वनीचा तुकडा, पडदा, नटाचा प्रवेश यांच्या खुणा क्रमांकानिशी लिहिलेल्या असतात. कोणत्या शब्दावर सूचना द्यायची आणि त्याच्या किती आधी ‘तयार’ म्हणायचे, हेही त्यातच असते. दिग्दर्शक आजारी पडला तरी त्या वहीवरून प्रयोग उभा राहिला पाहिजे. तालमीत रोज बदल होतात, म्हणून शिसपेन्सिलीने लिहावे आणि रंगीत तालमीनंतरच शाई वापरावी. आपण स्वतः लिहिलेली अशी एक वही पुढे कोणासमोर ठेवली, तर तिच्याइतका सबळ पुरावा दुसऱ्या कोणत्याही कागदाचा नसतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिचे मोल कदाचित आपल्या लक्षात आलेले नाही. खानदेशात स्पर्धेचे दिवस आणि कापसाच्या वेचणीचे दिवस एकच. टेम्पोवाल्याला कापसाचे किंवा केळीचे भाडे मिळत असेल, तर फळ्या, फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल (उंचीसाठीचे चौथरे) नेण्यासाठी तो नाटकवाल्यांकडे येत नाही, आणि ठरवलेली गाडी प्रयोगाच्या सकाळी आली नाही म्हणून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाल्याचे प्रसंग आमच्या भागात घडलेले आहेत. केळीच्या घरातल्या मुलाला टेम्पोवाले ओळखतात. चोपडा, यावल किंवा रावेरकडच्या एखाद्या संस्थेचे नेपथ्य जळगावच्या नाट्यगृहात ठरलेल्या वेळी उतरवण्याची जबाबदारी आपण घेतलीत, तर पहिल्याच वर्षी संस्थेला आपला आधार वाटू लागेल. हे हमालीचे काम आहे असे कोणी म्हटले, तर मनावर घेऊ नका. कोणता फ्लॅट आधी भरावा म्हणजे तो शेवटी उतरेल, याचा विचार करणे हा निर्मितीचाच भाग आहे.

आपण वाणिज्य शाखेचे आहात, त्यामुळे निर्मितीची दुसरी बाजूही शिकावी, असे मला मनापासून वाटते. पडदा उघडण्यापूर्वी बरेच कागद पूर्ण व्हावे लागतात. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी लागते; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो, म्हणून ‘जुने नाटक आहे, कोण विचारतो’ हे म्हणणे चुकीचे आणि लेखकावर अन्याय करणारे आहे. मग नाट्यगृहाचे आरक्षण आणि अनामत, ध्वनी व प्रकाशाच्या साहित्याचे भाडे, रंगभूषाकाराचे मानधन, तालमीच्या खोलीचे वीजबिल, चहा-नाश्ता, प्रवास हे सगळे येते. हौशी संस्थेत हा हिशेब पुष्कळदा कोणाच्या तरी डोक्यात असतो. उत्साहाच्या भरात एक जण पदरमोड करत राहतो, घरी बोलणी खातो आणि दोन वर्षांनी संस्थाच थंडावते. आपल्या भागातील चांगल्या संस्था नट मिळाले नाहीत म्हणून बंद पडल्या नाहीत. पैसा कुठे गेला हे कोणी लिहून ठेवले नाही म्हणून बंद पडल्या, असे मला वाटते. एका नाटकाचा खर्च पहिल्या तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत पावत्यांसह लिहून काढा. निर्माता म्हणून आपले पहिले शिक्षण त्यात होईल.

व्यावसायिक नाटक जवळून पाहण्याची वाटही घराजवळच आहे. जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात किंवा धुळ्याच्या राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात मुंबई-पुण्याचे नाटक लागते, तेव्हा निर्मात्याला लिहू नका. प्रयोग आणणाऱ्या स्थानिक आयोजकाला भेटा आणि त्या दिवशी सामान उतरवण्यापासून पुन्हा भरण्यापर्यंत हाताखाली राहण्याची परवानगी मागा. नाटकाची बस येते, माणसे रात्रभराच्या प्रवासाने थकलेली असतात, आणि तरीही काही तासांत संपूर्ण घर उभे राहते. कोण काय आधी उचलतो, कोण कोणाला काय सांगतो आणि काय न सांगता होते, ते शांतपणे पाहावे. मध्ये प्रश्न विचारू नयेत; जेवणाच्या वेळी विचारावेत. अशा दोन-तीन दिवसांत एखाद्या अनुभवी माणसाच्या नजरेत आपण भरलात, तर मघाशी म्हटलेला शब्द तोच देईल.

पैशाविषयी. ज्या हौशी संस्थेत दिग्दर्शकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत कोणीच मानधन घेत नाही, तिथे आपणही न घेता एक नाटक करणे योग्य आहे. प्रवास आणि जेवण मात्र आधी विचारून घ्यावे, त्यात संकोच नको. तिकीटविक्री होत असेल आणि इतरांना नाइट मिळत असेल, तर दुसऱ्या प्रयोगापासून आपणही मागावी. अनुभव देतो म्हणून उलट आपल्याकडूनच पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

वर्षअखेरीस आपले पत्र वेगळे होईल. उदाहरणार्थ: ‘मी या हंगामात दोन नाटकांची प्रॉपर्टी आणि एका नाटकाची प्रयोगवही सांभाळली. नेपथ्याची वाहतूक आणि खर्चाचा हिशेबही माझ्याकडे होता. सोबत वहीची चार पाने जोडत आहे. आपला दौरा खानदेशात येईल, त्या दिवसांत मदतनीस म्हणून काम करण्याची इच्छा आहे.’ अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. पुढे रीतसर शिक्षण घ्यावेसे वाटले, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही ठिकाणे आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून सुरू आहे. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीबरोबर नाट्यप्रयोगांतील प्रत्यक्ष सहभागही पाहिला जातो, तेव्हा या वर्षीचे काम तिकडेही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील असून आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. मला नाटकाची प्रकाशयोजना शिकायची आहे. एका संस्थेत गेले, तेव्हा ‘ताई, तुम्ही ड्रेपरी (कपडेपट) बघा, लाइटचे काम मुलींचे नाही’ असे उत्तर मिळाले. घरीही रात्रीच्या कामाला विरोध आहे. मी काय करावे? – एक वाचक, शहादा

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर चुकीचे होते आणि ते ऐकून आपल्याला जे वाटले असेल, ते मी समजू शकते. मी स्वतः कपडेपटातून सुरुवात केली. ते काम मला आवडत होते म्हणून केले, आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या मुलीने दोन वर्षे वीज शिकली आहे तिला इस्त्रीपाशी उभे करणे, हे त्या संस्थेचेच नुकसान आहे.

आपल्याजवळ जे ज्ञान आहे ते आपल्या भागातील बऱ्याच हौशी प्रकाशयोजनाकारांजवळ नसते. एक हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. म्हणजे पंधरा अँपिअरच्या एका पॉइंटवर असे तीनच दिवे लावता येतात आणि चौथा लावला की धोका सुरू होतो. बारा दिव्यांना सुमारे ५२ अँपिअर लागतात; ते तीन फेजांवर सारखे वाटले, तर प्रत्येकीवर १७ च्या आसपास भार येतो. हे गणित आपल्याला तोंडपाठ असेल. शाळेच्या पटांगणात किंवा गावच्या चौकात मांडव घालून केलेल्या प्रयोगांत अर्थिंगकडे कोणी पाहत नाही, जोड उघडे असतात आणि मुले अनवाणी वावरतात, ते पाहून माझ्या जिवाचा थरकाप होतो. म्हणून संस्थेकडे पुन्हा जाल, तेव्हा प्रकाशयोजना शिकवा असे म्हणू नका. नाटकाच्या विजेच्या जोडणीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी मी घेते, असे म्हणा. तारतंत्रीचा परवाना काढला नसेल, तर तोही काढावा. जोडणी ज्याच्या हाती असते त्याला प्रत्येक रंगीत तालमीला प्रकाशयोजनाकाराच्या शेजारी बसावेच लागते, आणि खरे शिक्षण तिथे होते.

तिथे बसल्यावर दिव्यांपेक्षा नटांचे चेहरे पाहावेत. समोरून सरळ टाकलेला प्रकाश चेहरा सपाट करतो. दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून आला तर नाक-डोळे उठून दिसतात. मागून आला की माणूस पडद्यापासून सुटा होतो. दिव्यापुढे लावायच्या जिलेटिनच्या कागदाचा कोणता रंग कोणत्या कपड्यावर मळकट दिसतो, हे कागदावर लिहून ठेवावे. हॅलोजनच्या नळीला उघड्या बोटांनी हात लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा तापून काच फुटते. आता एलईडी दिवे सर्वत्र आले आहेत आणि त्यांनी विजेचा भार पुष्कळ कमी केला आहे. पण जुन्या दिव्याचा उजेड मंदावताना जो तांबूस होत जातो, तो डोळ्यांत साठवावा, म्हणजे एलईडीवर तसा परिणाम साधता येतो.

आपल्या तालुक्यातच दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे उतरणाऱ्या लोकनाट्याच्या फडाकडे दुपारीच जा. जनरेटर कुठे ठेवतात, केबल कनातीच्या कोणत्या बाजूने नेतात, माणसांच्या पायांत येऊ नये म्हणून काय करतात, आणि रात्री खेळ संपताच सगळे किती वेळात गाडीत जाते, हे पाहण्यासारखे आहे. फडाच्या व्यवस्थापकाला शहरातील कोणत्याही निर्मात्याइतकीच निर्मिती कळते, आणि त्याला ती रोज नव्या गावात करावी लागते. सोबत घरचे कोणी असले, तर अधिक बरे.

घरच्यांची काळजी खोटी नाही, म्हणून तिला तपशिलाने उत्तर द्यावे. तालीम कुठे आहे, संस्थेत आणखी कोण स्त्रिया आहेत, प्रयोगानंतर परत कशाने यायचे, मुक्काम पडला तर खोली स्वतंत्र आहे का, हे सर्व एका कागदावर लिहून वडिलांना द्या आणि त्यांना एका तालमीला घेऊन या. माझ्या पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक प्रयोगाला माझी वहिनी सोबत येत असे, आणि तिसऱ्या वर्षी तीच रंगभूषेत मदत करू लागली. जी संस्था या प्रश्नांची नीट उत्तरे देत नाही, तिच्याबरोबर काम करू नका, मग ती कितीही नावाजलेली असो. दरम्यान नंदुरबारच्या नाट्यमंदिरात प्रयोग नसेल अशा दिवशी तिथल्या वीजतंत्र्याला भेटून दिव्यांची आणि डिमरची (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) जागा दाखवण्याची विनंती करा. दिवसाउजेडी होणाऱ्या या कामाला घरून नकार येणार नाही.

प्रश्न : मी धुळ्यातील एका शाळेत शिक्षक आहे. दोन दिवसांच्या नाट्यनिर्मिती कार्यशाळेचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. वय ४४. याला अनुभव म्हणता येईल का, आणि या वयात सुरुवात करणे उशिराचे होईल का? – एक वाचक, धुळे

उत्तर : प्रमाणपत्र ओळखीपुरते आहे, अनुभव म्हणून ते कोणी धरणार नाही. वयाची अडचण मात्र अजिबात नाही. पडदा ओढण्यापासून हिशेबापर्यंतची शिस्त शिक्षकाच्या अंगी आधीच असते, आणि आपल्याकडे तर मुले, सभागृह आणि पालक तिन्ही आहेत. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी शाळेतर्फे एक नाटक उभे करा. दिग्दर्शन दुसऱ्याकडे द्या आणि निर्मिती पूर्णपणे स्वतःकडे ठेवा. संवाद अहिराणीत असावेत असे वाटले, तर स्पर्धेचे नियम आधी वाचून घ्या. शाळेच्या सुताराकडून फ्लॅट करवून घ्या आणि शक्य असेल तर ते पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतील अशा मापाचे करा. प्लायवूडचा पूर्ण पत्रा ८ फूट बाय ४ फुटांचा येतो, त्या मापाला धरून आखणी केली तर लाकूड वाया जात नाही. मुलांना घरी कोण नेणार, याची यादी पहिल्या तालमीलाच पालकांकडून सहीनिशी घ्यावी.